परत येण्याचा पुरावा

"नवऱ्याच्या रकान्यात काय टाकू, सुचित्राताई?" श्रेयाने विचारलं आणि माउसवर हात ठेवून ती थांबली.

सुचित्राच्या तोंडात घास होता. तो तिने नीट चावला, गिळला आणि मग खुर्ची जरा पुढे ओढून स्क्रीनकडे पाहिलं. अविवाहित, विवाहित, विभक्त, घटस्फोटित, विधवा, अशी यादी इंग्रजीत होती. सगळ्यात शेवटी 'इतर', आणि त्यापुढे लिहायला बोटभर जागा. ही यादी करणाऱ्यांनी जगातल्या यच्चयावत बायकांचा विचार केला असणार, पण भोईवाड्यातल्या सुचित्रा रामदास घाडी काही त्यांच्या ध्यानात राहिल्या नव्हत्या.

"विवाहित लिही," ती म्हणाली.

"ते ठीक. पण व्हिसाचा एजंट म्हणतो, मिस्टर कुठे असतात ते लागेल. त्यांच्या जॉबचं लेटर पण लावलं तर फाइल स्ट्राँग होते."

"मस्कतला असतो, लिही."

"असतात ना पण नक्की?"

सुचित्राने डब्याचं झाकण दाबून बसवलं. "गेला तेव्हा तिकडेच गेला होता," ती म्हणाली आणि डबा धुवायला उठली.

श्रेया सत्तावीस वर्षांची होती आणि कंपनीत मर्चंडायझर होती. म्हणजे परदेशातल्या गिऱ्हाइकांशी इंग्रजीत बोलायचं आणि ते जे म्हणतील ते सॅम्पल रूममध्ये येऊन मराठी-हिंदीत सांगायचं, हे तिचं काम. कंपनी लहान मुलांचे कपडे शिवून बाहेर पाठवायची. कोर्टाच्या मागच्या बाजूच्या जुन्या गाळ्यांमध्ये तिसऱ्या मजल्यावर तिचा कारखाना होता आणि त्याच्या कोपऱ्यातल्या सॅम्पल रूममध्ये सुचित्रा बावीस वर्षं नमुन्याचे फ्रॉक शिवत होती. हजारो फ्रॉक पुढे दुसऱ्या बायका शिवत. पहिला मात्र हिच्या हातचा.

दोन महिन्यांपूर्वी युरोपातल्या एका गिऱ्हाइकाचं पत्र आलं. पाठवलेल्या फ्रॉकची बाही मुंढ्यात जशी बसली आहे, तशी त्यांच्याकडे कोणालाही बसवता येत नाही. चुणी दिसत नाही, टाका ओढत नाही, तरी मुलाचा हात वर गेला की कापड वर जात नाही. नव्या सीझनचं सगळं काम या बाहीवर करायचं आहे, तेव्हा सहा दिवसांसाठी तुमच्या माणसांनी यावं, आणि जिने ही बाही बसवली आहे तिला कृपा करून घेऊन यावं.

श्रेयाने ते वाचून दाखवलं तेव्हा सॅम्पल रूममधल्या चारही बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुचित्राने "बरं" म्हटलं आणि हातातला दोरा ओवला. तिला आनंद झाला नाही असं नाही. आनंद झाला की काय करायचं असतं याची सवय मोडली होती, एवढंच. त्या देशाचं नाव तिच्या जिभेवर नीट बसेना, म्हणून ती नुसतं 'तिकडे' म्हणू लागली, आणि तिचं ऐकून सगळी सॅम्पल रूम 'तिकडे'च म्हणू लागली.

तर तिकडे जायला व्हिसा लागणार होता, आणि व्हिसा म्हटला की नियम आले. श्रेयाने ते एकेक करून समजावले. हा व्हिसा बिझनेसचा, थोड्या दिवसांचा. यात मीटिंग करता येते, फिटिंग बघता येतं, चर्चा करता येते. मशीनवर बसता येत नाही.

"म्हणजे?" सुचित्राने विचारलं.

"म्हणजे तू तिथे शिवलंस तर ते काम झालं. कामाचा परमिट वेगळा असतो, त्याला खूप महिने लागतात. काउंटरवर कोणी विचारलं तर शिवणार असं बोलायचंच नाही. सँपल डिस्कस करणार, असं बोलायचं."

"मग मी तिकडे जाऊन करायचं काय?"

"बोलायचं. तू बोलणार, मी इंग्लिशमध्ये सांगणार, त्यांचे लोक करणार."

सुचित्राला याचं हसू आलं असतं. बावीस वर्षांत तिला बोलायला म्हणून कोणी कुठे नेलं नव्हतं. घरीही, सासूबरोबर, दिवसाला दहा-बारा वाक्यांत भागायचं. त्यातली निम्मी औषधाची असत.

पण तिला जायचं होतं. हे तिने श्रेयाला सांगितलं नाही, मालकांना नाही, शेजारच्या अक्षदालाही नाही. तिकडे बर्फ असतो, मोठमोठी दुकानं असतात, त्यातलं तिला काही नको होतं. तिला एकदा विमानाने जाऊन सातव्या दिवशी परत यायचं होतं. घराचं दार ढकलून बॅग खाली ठेवायची आणि म्हणायचं, आले. जाऊन परत येणं ही माणसाला न झेपण्याइतकी अवघड गोष्ट आहे का, ते एकदा स्वतः करून बघायचं होतं.

रामदास २००६ साली गेला. एसीच्या डक्टची कामं करायचा. तीन महिन्यांचा व्हिजिट व्हिसा, तिकडे गेल्यावर पक्कं काम बघू, मग तुला बोलावतो, असं सांगून गेला. तिचाही पासपोर्ट त्याने तेव्हाच काढून ठेवला होता. पहिलं वर्षभर दर शुक्रवारी फोन यायचा. मग महिन्याने. मग गणपतीला. मग सावंतवाडीकडचा एक माणूस परत आला, त्याने सांगितलं की रामदासचा व्हिसा कधीच संपलाय, तो लपूनछपून राहतो आणि त्याचं तिकडे बिऱ्हाड आहे. बिऱ्हाड म्हणजे काय ते त्या माणसाने फोड करून सांगितलं नाही आणि या दोघींनी विचारलं नाही.

सुचित्राचा भाऊ तिला न्यायला आला होता. तिला मूलबाळ नव्हतं, वय तेव्हा एकतीस. सासू, मीराबाई, दाराशी उभ्या राहून त्याला म्हणाल्या होत्या, "येतलो तो. माझो शब्द आसा. हिका नेव नको." भाऊ चहा पिऊन परत गेला. सुचित्रा राहिली. सासूच्या शब्दावर राहिली, की जायचं कुठे म्हणून राहिली, की सकाळी कामावर जायचं होतं म्हणून राहिली, हे तिने स्वतःला पुढे कधी विचारलं नाही. लोकांनी विचारलं की दोघी एकच सांगायच्या, मस्कतला असतो. एकोणीस वर्षं झाली. तिचा तो पासपोर्ट एकही शिक्का न लागता मुदत संपून बाद झाला. या वेळी नवा काढला तेव्हाही त्यावर नवऱ्याचं नाव तसंच ठेवलं, कारण काढून टाकायला कागद लागतात आणि ठेवायला लागत नाहीत.

मीराबाईंनी मात्र त्यानंतर कोणालाच शब्द दिला नाही. अक्षदाने विचारलं, "आजी, उद्या हळदीकुंकवाला येताय ना?" तर "बघूया." डॉक्टरने विचारलं, "गोळ्या वेळेवर घेणार ना?" तर "बघूया." एकदा पावसाची चौकशी केली त्यालाही त्यांनी "बघूया" म्हटलं होतं, असं अक्षदा चाळभर सांगायची. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. चालायला लागल्या, बोलायला लागल्या, पण उजव्या हातात पेन धरवेना. गिरणीच्या वाइंडिंग खात्यात हजेरीपटावर ठसठशीत सही करणारी बाई आता अंगठा उठवायची, आणि त्याची त्यांना भारी लाज वाटायची.

आणि एजंटला नेमका तोच अंगठा हवा होता.

"सगळी गोष्ट एकाच पॉइंटवर असते मॅडम," तो श्रेयाच्या फोनच्या स्पीकरवरून बोलला. "माणूस परत येणार की नाही. कंपनी लेटर देते, ओके. तिकडचं इन्व्हिटेशन आहे, ओके. पण घरी कोण आहे? नवरा बाहेर, मुलं नाहीत, रूमची भाडेपावती सासऱ्याच्या नावावर, आणि सासरे एक्स्पायर. मग ही लेडी परत का येईल? काहीतरी दाखवायला लागेल ना. सासू डिपेंडंट आहे? मग सासूचं ॲफिडेव्हिट घ्या. मी ड्राफ्ट पाठवतो."

ड्राफ्ट आला. माझा मुलगा रामदास मस्कत येथे नोकरीस आहे. माझी सून माझी देखभाल करते. ती सहा दिवसांनी निश्चितपणे परत येईल याची मी हमी देते. श्रेयाने मराठी प्रिंट काढून दिली आणि सुचित्राने ती संध्याकाळी सासूला वाचून दाखवली.

मीराबाई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होत्या. डाव्या हाताने निवडायला वेळ लागतो, पण त्यांच्याकडे वेळच वेळ होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"मी आंगठो देवचंय नाय," त्या म्हणाल्या.

"सहाच दिवस आहेत आई. अक्षदा जेवण देईल, गोळ्या देईल. तिच्याशी बोललेय मी."

"जेवणाचा कोण बोलता? तू जा. जा तू. पण ही येतली म्हणून मी लिवन देवचंय नाय." त्यांचा हात तांदळात थांबला. "एकदा दिलंय मी शब्द. माझ्या तोंडान सांगितलेला माणूस येणा नाय गो."

सुचित्रा कागदाची घडी घालत राहिली. सासू अडून बसली म्हणून राग यायला हवा होता, किंवा निदान दया. दोन्हींतलं काहीच आलं नाही. तिने उठून कुकर लावला.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर निघाली तेव्हा मीराबाई लुगडं नीटनेटकं नेसून, डोक्याला तेल लावून खाटेवर बसल्या होत्या.

"त्या कोर्टातल्या वकिलाकडे जावया," त्या म्हणाल्या. "तेका इचारया."

वकील म्हणजे हर्षवर्धन कांबळे. पलीकडच्या बौद्धवाडीच्या चाळीतला मुलगा, आता पस्तिशीचा, नोटरी झालेला. कोर्टाबाहेर निळ्या ताडपत्रीखाली त्याचं टेबल असायचं. घरापासून तिथवर जायला सुचित्राला पाच मिनिटं लागत. सासू खांद्यावर हात टाकून चालली तेव्हा पस्तीस लागली. त्यातली दहा मिनिटं त्या हनुमान मंदिराच्या कठड्यावर बसल्या होत्या.

हर्षवर्धनने ड्राफ्ट वाचला. मग चष्मा वर केला.

"आजी, हे असं नाही करता येणार," तो म्हणाला. "प्रतिज्ञापत्र माहितीचं असतं. जे तुम्हाला स्वतःला माहीत आहे, तेवढंच लिहायचं. सहा दिवसांनी काय होईल ते आज तुम्हाला कसं माहीत असणार?"

मीराबाई सुचित्राकडे वळल्या. एवढ्या वर्षांत आपलं म्हणणं कोणीतरी कायद्याने बरोबर ठरवलं, याचा आनंद त्यांना लपवता आला नाही.

"मी काय सांगी होतंय?" त्या म्हणाल्या. मग वकिलाला, "मगे माका म्हायत आसा तां लिव."

"सांगा."

"माझो झील रामदास. दोन हजार सहात गेलो." ताडपत्रीबाहेरून मोटारसायकली जात होत्या. "तो येवचो नाय."

हर्षवर्धनचं पेन थांबलं. त्याला हे घर माहीत होतं. मस्कतची गोष्ट तो कॉलेजात असल्यापासून ऐकत आला होता.

"आजी, येणार नाही हेसुद्धा पुढचंच झालं," तो हळूच म्हणाला. "मी 'आजतागायत परत आलेला नाही' असं लिहितो. चालेल?"

"तुका काय लिवचा तां लिव. माका म्हायत आसा."

सुचित्रा शेजारी उभी होती. एकोणीस वर्षं जे वाक्य घरात कोणी उच्चारलं नव्हतं, ते सासूने भर रस्त्यावर, झेरॉक्सवाल्याच्या आणि पाच-सहा अशिलांच्या देखत उच्चारलं. आता काहीतरी वाटेल म्हणून ती वाट बघत राहिली. काही वाटलं नाही. शाईच्या पॅडची शाई जांभळी आहे आणि पॅड मधोमध झिजलंय, एवढं तिला दिसलं.

"पुढे?" हर्षवर्धनने विचारलं.

"ही रवली."

"किती वर्षं?"

"तूच मोज. शिकलेलो आसस ना?" मीराबाईंनी पदर सारखा केला. "माका आंघोळ घालता. भरवता. कामाक जाता. मी हिका कधी रव म्हणून सांगूक नाय. आणि हिनां माका कधी जातंय म्हणून सांगूक नाय. ह्यां माका म्हायत आसा. त्याच्या फुडचा माका ठावक नाय."

हर्षवर्धनने ते सगळं कोर्टाच्या मराठीत घेतलं. माझी सून सुचित्रा ही तेव्हापासून आजतागायत माझेजवळ राहत आहे. ती माझी सर्व शुश्रूषा करते. मी तिला राहण्याविषयी कधी सांगितलेले नाही व तिनेही जाण्याविषयी कधी म्हटलेले नाही. यापुढील गोष्टींबाबत मला माहिती नाही. खाली त्याने इंग्रजी भाषांतर करून दिलं. मीराबाईंनी डाव्या हाताचा अंगठा पॅडवर टेकला, कागदावर टेकला, आणि त्याच हाताने, शाई तशीच असताना, सुचित्राचं मनगट धरून उठल्या.

श्रेयाने तो कागद वाचला आणि कपाळाला हात लावला.

"ताई, हे नको लावूया. प्लीज. अगं, यात क्लिअर लिहिलंय की नवरा गेला तो आलाच नाही. म्हणजे फॅमिलीत ओव्हरस्टेची, व्हिसा संपूनही राहिल्याची केस. आणि लास्ट लाइन बघ, पुढचं माहिती नाही. जी गॅरंटी द्यायला आली तीच सांगते माहिती नाही. याच्यापेक्षा काही नाही लावलं तर बरं."

"पण खरं आहे ते," सुचित्रा म्हणाली.

"खरं आहे गं. पण कोणी मागितलंय का?"

हे बरोबर होतं. कोणी मागितलं नव्हतं. श्रेयाने कागदांची फाइल लावून दिली आणि ॲफिडेव्हिट वेगळं काढून सुचित्राच्या पिशवीत ठेवलं.

व्हिसाचे अर्ज घेणारं केंद्र एका काचेच्या इमारतीत होतं. बूट न वाजवता चालणारी माणसं, नंबराची चिठ्ठी, गार हवा. सुचित्राने दहाही बोटं यंत्रावर टेकली, फोटोसाठी कॅमेऱ्यात बघितलं. काउंटरवरच्या मुलीने कागद एकेक करून टिक केले. आमंत्रण, कंपनीचं पत्र, विमा, तिकिटाचं बुकिंग, हॉटेल. कशासाठी जाताय विचारलं तेव्हा सुचित्राने पाठ केलेलं नीट म्हटलं. सँपल डिस्कस करायला. शिवणार असं ती बोलली नाही.

"आणखी काही जोडायचंय?" मुलीने विचारलं.

ही वेळ होती नाही म्हणायची. सुचित्राला ते कळत होतं. ती काही भोळी बाई नव्हती, श्रेयाचं म्हणणं तिला पुरतं पटलं होतं. पण पिशवीतला तो कागद तिला सकाळपासून जड झाला होता. म्हातारी पस्तीस मिनिटं चालत गेली. भर रस्त्यात मुलाचं नाव टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी सुचित्राबद्दल चार ओळी लिहून दिल्या आणि त्यांतली एकही खोटी नव्हती. ते पिशवीत ठेवून, मस्कतला नवरा असल्याच्या फाइलीवर तिकडे जायचं? तसं तिला करवेना. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिला काहीतरी ठामपणे करवेना.

"हे एक," ती म्हणाली आणि कागद काचेखालून सरकवला.

पासपोर्ट बाराव्या दिवशी परत आला. आत शिक्का नव्हता. सोबत एक छापील पान होतं, त्यावर चौकोनांची रांग आणि त्यांतल्या एकात फुली. श्रेयाने ते सॅम्पल रूमच्या बाहेर, जिन्यापाशी नेऊन वाचलं.

"काय लिहिलंय?" सुचित्राने विचारलं.

"लिहिलंय..." श्रेयाचा आवाज चिरकला. "लिहिलंय की व्हिसाची मुदत संपायच्या आधी तुम्ही त्यांचा देश सोडून परत जाल, याबद्दल त्यांना रिझनेबल डाउट आहे. वाजवी शंका."

"मी परत येणार नाही असं?"

"हं."

"मी?"

श्रेया रडायला लागली. तिचा स्वतःचा व्हिसा आधीपासूनच होता. एजंट फोनवर ओरडत होता की ते ॲफिडेव्हिट कोणी लावायला सांगितलं, चांगली केस हाताने घालवली. श्रेयाने सुचित्राकडे पाहिलं आणि फोन बंद केला. मालक येऊन म्हणाले, हरकत नाही, पुढच्या सीझनला बघू, आता श्रेया जाईल आणि सुचित्राताई इकडून व्हिडिओ कॉलवर सांगतील. सॅम्पल रूममधल्या बायका मशीन थांबवून बघत होत्या. सुचित्राने श्रेयाला पाणी आणून दिलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. एक बाही अर्धी लागलेली होती. ती तिने पूर्ण केली. बाही छान बसली.

संध्याकाळी ती चालत घरी आली. वाटेत ते वाक्य तिने मनात दोन-तीनदा म्हणून बघितलं. परत जाल याबद्दल वाजवी शंका. जी बाई एकोणीस वर्षांत दादरच्या पुढे रात्रीची राहिली नाही, तिच्याविषयी कोणा साहेबाने दूर बसून हे ठरवलं होतं. यात हसण्यासारखं काहीतरी नक्की होतं. सुचित्राला ते दिसत होतं, पण हसू येत नव्हतं.

मीराबाई खाटेवर वाट बघत होत्या. हे नवीन होतं. एरवी त्या वाट बघत असल्या तरी तसं दाखवायच्या नाहीत.

"काय झाला?" त्यांनी विचारलं. "इलो कागद?"

"आला."

"काय लिवलाहा?"

सुचित्राने पिशवीतून ते पान काढलं. इंग्रजी होतं, मीराबाईंना वाचता येणार नव्हतं. तरी त्यांनी ते डाव्या हातात घेतलं, उलटसुलट केलं, आणि फुली मारलेल्या चौकोनावर बोट ठेवलं.

"ह्यां काय?"

हे काय ते सांगितलं असतं तर म्हातारीने दोन मिनिटांत पुढचं जुळवलं असतं. शब्द दिला तो मुलगा आला नाही. शब्द न देता नुसतं खरं सांगितलं, तर सून जाऊच शकली नाही. मग त्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तोंड मिटून बसल्या असत्या आणि पुन्हा "बघूया" देखील म्हणाल्या नसत्या. सुचित्राला ते सगळं एका क्षणात दिसलं आणि तिला ते बघवेना. इतक्या दिवसांत, खरं तर इतक्या वर्षांत, पहिल्यांदाच.

"व्हिसा मंजूर," ती म्हणाली. "तुमचा कागद वाचला त्यांनी. त्यावरच मंजूर केला. असं प्रतिज्ञापत्र कधी बघितलं नाही, म्हणाले."

"खरा काय?"

"हो. पण मीच नाही म्हटलं, आई. श्रेया जातेय. मला सहा दिवस नुसतं बोलत बसायचा कंटाळा. मशीनला हात लावायचा नाही म्हणतात तिकडे. मग जाऊन करू काय?"

मीराबाई तिच्याकडे बघत राहिल्या. सुचित्राने नजर खाली घेतली आणि भांड्यांकडे वळली.

"येडी आसस," मीराबाई म्हणाल्या. "जावचा होता. मिळालेला विसा कोण सोडता?" पण आवाजात राग नव्हता. त्या खाटेवरून उठल्या, भिंत धरत, दाराची चौकट धरत, ते पान हातात घेऊन बाहेर गॅलरीत गेल्या. गॅलरीत दिवेलागणीची गर्दी होती. अक्षदा दोरीवरचे कपडे काढत होती, पलीकडच्या खोलीतली माणसं दारात बसली होती.

"गो अक्षदा!" मीराबाईंचा आवाज आला. तीन वर्षांत एवढा मोठा आवाज त्यांनी काढला नव्हता. "ह्यां बघ. माझ्या आंगठ्यार विसा गावलो सुचित्राक! साहेबान वाचल्यान आणि लगेच हां म्हटल्यान. पण ही जाणा नाय. मीच नको म्हणतंय म्हणता!"

"अय्या! आजी, खरंच? बघू बघू," अक्षदाने कपडे खांद्यावर टाकले आणि पान हातात घेतलं.

अक्षदा बारावीपर्यंत शिकली होती. इंग्रजी वाचायला तिला वेळ लागला, पण वाचलं. तिने मान वर करून दाराकडे पाहिलं. आत गॅसपाशी सुचित्रा उभी होती. दोघींची नजर मिळाली. सुचित्राने मान हलवली नाही, हात हलवला नाही, नुसती बघत राहिली.

"खरंच की आजी," अक्षदा म्हणाली. "मंजूरच लिहिलंय."

"मगे! मी सांगतंय काय!" मीराबाई आता पलीकडच्या खोलीकडे वळल्या. "तुमच्या पोराक जावचा आसा ना खंय बाहेर? माझ्याकडे पाठव तेका. मी लिवन देतंय. खोटा लिवचा नसता, समाजला? जां म्हायत आसा ताच लिवचा..."

त्या सांगत राहिल्या. भोवती आणखी दोघं-तिघं जमली. पाय थरथरायला लागले होते, एका हाताने कठडा धरला होता, तरी सांगणं थांबत नव्हतं. सुचित्राने गॅस बारीक केला, कोपऱ्यातलं प्लास्टिकचं स्टूल उचललं, बाहेर नेऊन सासूच्या मागे ठेवलं आणि पुन्हा आत आली.

मीराबाई बोलता बोलता, मागे वळून न बघता, खाली बसल्या.